वाफा, बरणी, पेटी

बर्मिंगहॅममध्ये डिसेंबरात दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. जूनमध्ये तोच रात्री साडेनऊपर्यंत मावळायचं नाव घेत नाही. महाराष्ट्रातून किंवा गोव्यातून इथे राहायला आलेल्या माणसाला थंडीची सवय लवकर होते, कारण थंडीला स्वेटर असतो. उजेडाच्या या हिशेबाची सवय व्हायला मात्र वर्षं जातात. हिवाळ्यातल्या त्या लांबलचक संध्याकाळी करायचं काय, या प्रश्नातून या पुस्तकातली बरीचशी टिपणं लिहिली गेली आहेत. मिडलंड्समधल्या मराठी घरांनी आपापल्या छंदांविषयी ती लिहिली. कोणी भाजी लावतं, कोणी आंबवतं-मुरवतं, कोणी वस्तू जमवतं. लिहिणाऱ्यांत परिचारिका आहेत, संगणकावर काम करणारे आहेत, निवृत्त डॉक्टर आहेत आणि मुलांना शाळेत सोडून आल्यावर घर खायला उठतं असं मोकळेपणाने लिहिणाऱ्या आयाही आहेत. नावं छापायची नाहीत, असं सगळ्यांनी मिळूनच ठरवलं.

सुरुवात बहुतेकांची सारखी आहे. गावची आठवण आली म्हणून खिडकीतल्या कुंडीत मेथी पेरली. विकतचं दही आवडेना म्हणून विरजण लावलं. आजीचा अडकित्ता सामानातून आला होता, त्याला जोड मिळावी म्हणून जुन्या बाजारात फिरायची सवय लागली. पण ही टिपणं पुन्हा पुन्हा वाचल्यावर माझी खात्री झाली आहे की आठवण माणसाला छंदापर्यंत आणून सोडते, पुढचं काम तिचं नव्हे. आठवणीसाठी पेरलेली मेथी आठवणच वाढवते. जिवाला आराम पडू लागतो तो त्या मेथीच्या निमित्ताने इथली हवा, इथली माती आणि कुंपणापलीकडचा शेजारी ओळखीचे होतात तेव्हा. मला या प्रस्तावनेत एवढंच सांगायचं आहे. ते सांगायला बर्मिंगहॅम हे योग्य गाव आहे, कारण घाम गाळणाऱ्या माणसाला मातीत हात घालायला थोडी जागा लागते, हे या गावाला दोनशे वर्षांपासून माहीत आहे.

या शहराची ख्याती कारखान्यांची. बटणं, बंदुका, पितळी सामान, टाकाची पोलादी निबं असं काय काय इथून जगभर गेलं. त्या काळात, म्हणजे अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्याच्या मध्यापर्यंत, गावाभोवती छोट्या छोट्या बागांचा वेढा होता. दाटीवाटीच्या घरांत राहणारे कारागीर आणि दुकानदार गावाबाहेर जमिनीचा तुकडा भाड्याने घेत. वर्षाचं भाडं साधारण एक गिनी, म्हणजे २१ शिलिंग. म्हणून त्या ‘गिनी गार्डन्स’. तिथे भाजी व्हायची, फळझाडं असायची, फुलंही असायची आणि पुष्कळ बागांत बसायला छोटीशी खोली बांधलेली असायची. मला या खोलीचं मोल फार वाटतं. नुसत्या भाजीसाठी बाग असती, तर बसायची सोय कोणी कशाला केली असती? भट्टीपाशी दिवस काढलेल्या माणसाने रविवारी तिथे येऊन स्वस्थ बसावं, यासाठी ती होती. पुढे शहर वाढलं आणि या बागा घरांच्या रांगांखाली गेल्या. एजबॅस्टनमध्ये, १८३२ साली सुरू झालेल्या बोटॅनिकल गार्डन्सच्या शेजारी वेस्टबोर्न रोडवर, त्यांतली एक जागा अजून टिकून आहे. ती ऐतिहासिक वारसा म्हणून नोंदलेली आहे, आणि लोक आजही तिथे वाफे करतात.

बोर्नव्हिलची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. कॅडबरी बंधूंनी १८७९ मध्ये चॉकलेटचा कारखाना शहराबाहेर हलवला आणि १८९५ पासून जॉर्ज कॅडबरी यांनी त्याच्याजवळ घरं बांधायला घेतली. घराने आपल्या जागेचा पाव हिस्साच व्यापायचा, बाकीची बाग. भाडेकरू राहायला येण्याआधीच बागेची माती खणून तयार असायची आणि टोकाला सफरचंद-पेअरची झाडं लावलेली असायची. यामागे माणसांना दारूच्या गुत्त्यापासून दूर ठेवण्याचाही विचार होता. कॅडबरींचा हेतू चांगला होता आणि त्या बागा आजही सुंदर आहेत. तरीही माझा ओढा गिनी गार्डन्सकडे आहे. तिथे कारागिराने स्वतःच्या कमाईतली गिनी मोजून, स्वतःच्या मर्जीने तुकडा घेतला होता. कोणीतरी आपल्या भल्यासाठी नेमून दिलेला छंद आणि आपण पोटाला चिमटा काढून जोपासलेला छंद, यांचा आनंद एकसारखा नसतो.

त्यानंतर आल्या अलॉटमेंट्स, म्हणजे भाजीपाला लावायला भाड्याने मिळणारे जमिनीचे तुकडे. इंग्लंडमध्ये १९०८ च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर त्या पुरवण्याची जबाबदारी टाकली. पूर्ण तुकडा म्हणजे दहा रॉड, सुमारे अडीचशे चौरस मीटर. आपल्या भाषेत अडीच गुंठे. दोन्ही महायुद्धांत या तुकड्यांनी देशाला जेवू घातलं. युद्ध संपलं, दुकानं भरली आणि तुकडे ओस पडू लागले, तेव्हा त्यांचं करायचं काय हे ठरवायला सरकारने एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते बर्मिंगहॅम विद्यापीठातले भूगोलाचे प्राध्यापक हॅरी थॉर्प. १९६९ मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालाचं म्हणणं असं की हे तुकडे आता गरिबाची भाजीची सोय म्हणून पाहू नका, माणसाला विसावा देणारी जागा म्हणून पाहा. बसायला-उठायला छोटी खोली हवी, पाणी हवं, स्वच्छतागृह हवं, फुलंही हवीत, कुटुंबाने दिवसभर तिथे रमावं. सरकारने त्यातलं फारसं कायद्यात आणलं नाही. मला मात्र हा अहवाल या शहराच्या मनातलं बोललेला वाटतो. गिनी गार्डनमधल्या कारागिराला जे न सांगता कळलं होतं, तेच थॉर्प यांनी सरकारदरबारी मांडलं.

आज बर्मिंगहॅमच्या नगरपालिकेकडे शंभरावर जागी मिळून सुमारे सात हजार तुकडे आहेत. देशातल्या दुसऱ्या कुठल्याही पालिकेकडे इतके नाहीत. हॅंड्सवर्थमधल्या अपलँड्स अलॉटमेंट्सवर शनिवारी सकाळी गेलात तर पंजाबी आजोबा मेथीच्या जुड्या बांधत असतात, पलीकडे जमैकाच्या बाई वाकून पालेभाजी खुडत असतात. ती भाजी जवळून पाहिली की आपला जीव सुखावतो, कारण तो चक्क माठ असतो. त्यांच्याकडे त्याला कॅलालू म्हणतात. त्या कांदा, लसूण, मिरची घालून परततात, आपणही तेच करतो. आमच्यातल्या एकीने लिहिलं आहे की तिने त्या बाईंकडून मूठभर बी घेतलं आणि बदल्यात घेवड्याचं दिलं. त्यानंतर दोघींचं बोलणं निम्म्याहून अधिक हवामानावर असतं, आणि इतक्या वर्षांत हवामानावरचं बोलणं तिला पहिल्यांदाच खरं वाटलं, कारण आता त्यावर काहीतरी अवलंबून होतं.

कोथिंबिरीविषयी जवळजवळ प्रत्येकाने लिहिलं आहे, म्हणून तिच्यापाशी जरा थांबते. मेमध्ये हौसेने धणे पेरले की जूनअखेर हाताशी पानं कमी आणि पांढरी फुलं जास्त येतात. पाणी घाला, खत घाला, फरक पडत नाही. कोथिंबीर दिवसाची लांबी मोजते. सोळा-सतरा तासांचा उजेड दिसला की ती घाईने फुलावर जाते. तिच्याशी भांडण्यात अर्थ नसतो. ऑगस्टच्या मध्यावर, दिवस आखडू लागल्यावर धणे पेरले की सप्टेंबर-ऑक्टोबरात रुंद, कोवळी, घमघमणारी पानं मिळतात. सुरुवातीला ज्या उजेडाविषयी मी लिहिलं, तो इथल्या माणसाला असा एका रोपाकडून समजतो. या टिपणांत एका गृहस्थांनी म्हटलं आहे की संध्याकाळ लवकर व्हायला लागली की पूर्वी त्यांना धास्ती वाटायची. आता ऑगस्ट आला की ते धणे चोळायला घेतात. धास्ती पूर्ण गेली असा त्यांचा दावा नाही. पण त्या दिवसांत करायला एक काम असतं आणि ते काम त्याच दिवसांत होतं.

मातीही शिकावी लागते. शहराच्या पुष्कळ भागात ती लालसर आणि चिकट आहे. ओली असताना फावड्याला चिकटून बसते, वाळली की तिच्या विटा होतात, आणि एके काळी तिच्या खरोखरच विटा पाडल्या जात. या मातीत पालापाचोळ्याचं खत वर्षानुवर्षं मिसळत राहावं लागतं. त्याला आडवाट नाही.

आता बरणीकडे येते. पुण्यात रात्री वाटून ठेवलेलं इडलीचं पीठ सकाळी भांड्याबाहेर यायला बघतं. बर्मिंगहॅमला जानेवारीत स्वयंपाकघर रात्री सोळा-सतरा अंशांवर आलेलं असतं आणि सकाळी पीठ जसंच्या तसं, निपचित पडलेलं. इथे प्रत्येक घराची आपली युक्ती आहे. कोणी ओव्हन बंद ठेवून फक्त आतला दिवा लावतं, कोणी पातेलं बॉयलरच्या कपाटात गरम टॉवेलांमध्ये ठेवतं, कोणी उडदाबरोबर मेथीदाणे वाढवतं. यातलं काहीही केलं तरी घाई करून भागत नाही. बारा तासांचे अठरा होतात, कधी चोवीस. झाकण काढून वास घ्यायचा, डाव बुडवून पीठ उचलायचं, आत जाळी पडली आहे का बघायचं, पुन्हा झाकायचं. आंबट वास आला आणि जाळी नसेल तर अजून थांबायचं. हे थांबणं ज्यांना जमलं, त्यांना त्यातच बरं वाटायला लागतं. रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या एका परिचारिकेने लिहिलं आहे की घरी आल्यावर ती आधी पिठाचं झाकण उघडते. रात्रभर जे पाहिलं त्यातलं बरंच काही तिच्या हातात नसतं. पीठही तिच्या हातात नसतं, पण ते बहुतेक वेळा फुलतंच.

आत चालतं ते असं. उडदाच्या डाळीबरोबर येणारे सूक्ष्म जीव साखरेचं आम्ल करतात आणि वायू सोडतात. वायूने पीठ फुगतं, आम्लाने आंबट होतं. त्यांतला एक मुख्य जीव, ल्यूकोनोस्टॉक मेसेंटेरॉइड्स, मिठात घातलेल्या कोबीलाही पहिल्यांदा आंबवायला घेतो. बर्मिंगहॅमच्या पोलिश दुकानांत बरण्यांतून आणि पिंपांतून विकला जाणारा आंबट कोबी आणि आपली इडली यांची सुरुवात एकाच जिवापासून होते. हे कळल्यावर आमच्यातल्या कितीतरी जणींनी अलॉटमेंटवरचा कोबी चिरून, किलोला वीस ग्रॅम मीठ चोळून बरण्या भरल्या. त्यात मोहरी आणि हिरवी मिरची घातली की तो थेट वरणभाताशेजारी जाऊन बसतो.

लोणच्यांचं प्रकरण या पुस्तकात सर्वांत मोठं आहे आणि ते तसंच ठेवलं आहे. कैरी इथे मिळते, पण महाग आणि बहुधा शिळी. तिची जागा ब्रॅमली या आंबट सफरचंदाने घेतली. या सफरचंदाचं मूळ झाड १८०९ मध्ये नॉटिंगहॅमशायरच्या साउथवेल गावी एका लहान मुलीने, मेरी अॅन ब्रेल्सफर्डने, पेरलेल्या बीपासून वाढलं. त्याचा मेथांबा अप्रतिम होतो. फोडी मऊ पडतात हा एकच भेद, म्हणून त्या मोठ्या ठेवायच्या आणि गूळ शेवटी घालायचा. रूबार्बच्या देठांची आमटीही सुरेख होते, मात्र त्याची पानं विषारी असतात. दिसायला ती अळूसारखी मोठी असली तरी फतफत्यासाठी त्यांना हात लावू नका. अळूची तहान स्विस चार्डवर भागवावी.

मुरवण्याचा वास या शहराला नवा नाही. अॅस्टनमध्ये एडविन सॅमसन मूर यांनी १८७५ मध्ये मिडलँड व्हिनेगर कंपनी सुरू केली. तिने १९०३ मध्ये बाजारात आणलेला एचपी सॉस पुढे घराघरांत गेला. त्यात व्हिनेगर आहे, खजूर आहे, काकवी आहे आणि चिंचही आहे. भेळेच्या चटणीवर वाढलेल्या आपल्या जिभेला तो पहिल्याच चमच्यात ओळखीचा लागतो. जवळच्या मोटारमार्गावरून एका नळातून व्हिनेगर इकडून तिकडे जायचं आणि सगळ्या भागात त्याचा आंबूस वास असायचा. २००७ मध्ये कारखाना बंद झाला आणि उत्पादन नेदरलँड्सला गेलं. कामगारांनी ते होऊ नये म्हणून खूप झगडून पाहिलं होतं. अॅस्टनच्या जुन्या रहिवाशांसमोर आजही त्या वासाचा विषय काढला की ते भरभरून बोलतात.

पेटीविषयी, म्हणजे संग्रहाविषयी लिहायला मला सर्वांत अवघड जातं. वाफा आणि बरणी खायला देतात, संग्रह काहीच देत नाही. शिवाय संग्रहात हाव शिरायला वेळ लागत नाही. या शहराचे पुढारी जोसेफ चेंबरलेन यांनी मोझलीच्या हायबरी या घरी काचगृहांच्या ओळी उभारून ऑर्किड जमवली होती आणि कोटाला ऑर्किड लावल्याशिवाय ते बाहेर पडत नसत. त्यांचं त्या फुलांवरचं प्रेम खरं होतं यात शंका नाही, पण ते प्रेम परवडायला चेंबरलेन असावं लागतं.

माझ्या डोळ्यांसमोर दुसरं उदाहरण येतं. पुण्यात बाजीराव रस्त्यावर दिनकर केळकरांचा संग्रह आहे. केळकर (१८९६–१९९०) ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. त्यांनी जमवले अडकित्ते, दिवे, दौती, वाद्यं, कोरीव दारं, म्हणजे लोक अडगळीत टाकत होते त्या रोजच्या वस्तू. गावोगाव हिंडून, पदरमोड करून, पत्नी कमलाबाईंच्या साथीने. त्यांचा राजा नावाचा एकुलता मुलगा लहानपणीच गेला आणि संग्रहालयाला त्याचं नाव आहे. वस्तू वीस हजारांवर गेल्या आणि आयुष्यभराचं हे धन त्यांनी शासनाच्या हवाली केलं. दुःख त्याने मिटलं का, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला नाही. एवढं दिसतं की एका अडकित्त्याची मूठ कोणी, कशी, कुणासाठी घडवली असेल याकडे मन लावून पाहणारा माणूस पुन्हा जगाकडे वळलेला असतो.

इथल्या संग्रहांपैकी एक मला विशेष भावला. लिहिणारे गृहस्थ हॅंड्सवर्थमधल्या सोहो रोडवर कढीपत्ता आणि दुधी आणायला जात. जवळच कारखानदार मॅथ्यू बोल्टन यांची टांकसाळ होती, हे त्यांनी सोहो हाउसच्या संग्रहालयात वाचलं. १७८८ मध्ये उभ्या राहिलेल्या त्या टांकसाळीत वाफेच्या यंत्रांवर नाणी पाडली जात, आणि १७९१ साली ईस्ट इंडिया कंपनीने मुंबई इलाख्यासाठी तांब्याचे पैसे तिथेच पाडून घेतले. एका बाजूला कंपनीचं चिन्ह, दुसऱ्या बाजूला तराजू आणि त्याच्या पारड्यांमध्ये फारसी लिपीत ‘अदिल’, म्हणजे न्यायी. कंपनीने स्वतःला हे विशेषण लावून घ्यावं, याचा मला आजही राग येतो. पण त्या गृहस्थांनी जमवलेल्या झिजलेल्या तांब्याच्या चकत्या हातात घेतल्या की दुसरीही गोष्ट जाणवते. हॅंड्सवर्थमध्ये घडलेलं हे तांबं समुद्र ओलांडून मुंबईच्या बाजारात भाजीवाल्यांच्या हातांत फिरलं, आणि आता मुंबईचा एक माणूस त्याच हॅंड्सवर्थमध्ये भाजी घ्यायला येतो. परगावी आलो आहोत ही त्यांची भावना या चकत्यांनी बरीच सैल केली, असं ते लिहितात.

बियांचा संग्रह मात्र वाफ्यात परत जातो. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांचं बी घरी जपलं, वाटलं, आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बर्मिंगहॅमहून तासाभरात पोहोचता येईल अशा रायटन गावी गार्डन ऑरगॅनिक या संस्थेचं बियांचं ग्रंथालय आहे. दुकानांतून नाहीशी झालेली जुनी वाणं ते सांभाळतं आणि सभासदांना देतं. याच संस्थेने मिडलंड्सच्या अलॉटमेंट्सवर परदेशांतून आलेली माणसं काय काय लावतात याची नोंद केली आणि त्यांचं बी जमवलं. राहीबाईंचं मडकं आणि रायटनचं थंड कपाट, काम एकच.

या छंदांनी खरोखर बरं वाटतं का, याचा शोध शास्त्रज्ञांनीही घेतला आहे. नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अलॉटमेंटवाल्या तीस जणांना आधी ताण येईल असं काम दिलं, मग अर्ध्यांना अर्धा तास बागेत काम करायला आणि अर्ध्यांना घरात वाचायला सांगितलं. ताणाशी निगडित असलेलं कॉर्टिसॉल दोन्हींकडे उतरलं, बागेत जास्त उतरलं. तीस माणसं म्हणजे फार नव्हेत, आणि वाचनाचा असा पराभव मला रुचलेला नाही. तरी या टिपणांशी तो निष्कर्ष जुळतो. मात्र एक गोष्ट स्पष्ट लिहिणं माझं कर्तव्य आहे. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगण्यात अर्थ वाटत नसेल, तर आधी डॉक्टरांकडे जा. वाफा तोवर थांबेल. इंग्लंडमधले डॉक्टर आता औषधांच्या बरोबरीने अशा बागांकडेही माणसं पाठवतात, आणि एजबॅस्टनची मार्टिनो गार्डन्स कितीतरी वर्षं हे काम मायेने करते आहे.

पुढची पानं कुठूनही वाचायला घ्या. बागेच्या भागात महिन्यांचा क्रम इथल्या हवेप्रमाणे लावला आहे, गावच्या पंचांगाप्रमाणे नाही. लोणच्यांची मापं ग्रॅममध्ये दिली आहेत, कारण प्रत्येकीची वाटी वेगळी. अलॉटमेंटसाठी पालिकेकडे आजच नाव नोंदवा. काही ठिकाणी लवकर मिळते, काही ठिकाणी वाट पाहावी लागते, आणि पहिल्या वर्षी अर्धा तुकडा पुरे. मेथी एप्रिलपासून पेरली तरी चालेल, चार-पाच आठवड्यांत खुडायला येते. दुधीचं रोप मात्र घरातच वाढवा आणि जून लागेपर्यंत बाहेर काढू नका.